ओठ मिटलेले, दात सुटे

माझ्याकडे येणाऱ्या माणसाचा मी आधी गाल बघत असे, दात नंतर. शहापूरच्या बाजारपेठेत, चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी तीसेक वर्षं दातांचा दवाखाना चालवला. माणूस खुर्चीत बसून नाव-गाव सांगत असतो, तेवढ्यात त्याच्या जबड्याच्या कोपऱ्याकडे, कानाच्या जरा खाली बघायचं. बोलणं थांबलं की तिथे सुपारीएवढा उंचवटा उठतो नि बसतो, उठतो नि बसतो. चावायचा स्नायू आहे तो. समोर खायला काही नसताना तो हलत असेल, तर हा माणूस स्वतःचेच दात खातोय.

ही नजर मला एका चुकीने दिली. सुरुवातीच्या वर्षांत शेणव्याकडचे एक शिक्षक दाढ ठणकते म्हणून आले. दाढेला कीड नव्हती, पण त्यांचा आग्रह आणि माझं अज्ञान, दोन्ही दांडगं. मी दाढ काढली. महिन्याभरात शेजारची ठणकायला लागली, तीही काढली. तिसरीच्या वेळी त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "रातचे दात असे खातात, का कुनी दगडं घासतंय असं वाटतं." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन धडधाकट दाढा मी उपटून फेकल्या होत्या. गुरुजींनी मला कधी बोल लावला नाही. मी लावत आले.

आपल्याकडे लहान मूल झोपेत दात खायला लागलं की जंत झाले म्हणतात. मोठ्या माणसाने खाल्ले तर तो अपशकुन. 'दात खानारा घर खातो' हे मी शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांत ऐकलं. मी सांगत राहिले की जंतांचा संबंध नाही, अपशकुनाचा तर नाहीच. कुणाची झोप बिघडलेली असते, कुणी घोरतो, कुणाला एखादं औषध बाधतं, कुणाच्या मनावर ओझं असतं. नेमकं एकच कारण छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. इलाज साधा आहे. दातांचा साचा घ्यायचा, तो कल्याणच्या लॅबला पाठवायचा, आठवड्याने पारदर्शक कडक पट्टी येते ती झोपताना दातांवर चढवायची. लोक तिला 'रातची पट्टी' म्हणायचे. मग दात पट्टीला खातात, एकमेकांना खात नाहीत. सवय मोडतेच असं नाही, दात मात्र वाचतात. हे सगळं मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

वनिताला मी हेच सांगितलं. खरं नाव हे नाही, आणि गावांची नावं मी लिहिणार नाही. माहेर मुरबाडकडचं, सासर शहापूर तालुक्यातलं, एवढं पुरे.

तिला पहिल्यांदा तिचे वडील घेऊन आले. काशिनाथदादा, उंच, खांद्यात वाकलेला शेतकरी माणूस. पोर एकवीस-बावीसची, दहावी झालेली, हिरव्या चुड्यातली. दादा दारातच उभे राहिले.

"बाई, पोरीला सासरच्यांनी परत धाडली. रातचे दात खाते म्हनतात. लग्नाला चार महिने झाले, त्यात सासरा गेला. आता सासू म्हनते, हिनं खाल्ला."

"लहानपणी खायची का?"

"पाच-सहा वर्साची असताना खायची. मंग राहिलं की. आमच्यात असताना नाय कधी ऐकलं."

तोंड तपासलं. सुळ्यांची टोकं सपाट झालेली, गालाच्या आतून दातांच्या रेषेवर पांढरी वळी उठलेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. चार महिन्यांत सुळे इतके झिजत नाहीत, काही झीज जुनी असणार; पण ठसे ताजे होते. मी साचा घेतला आणि एक गोष्ट केली जिचा मला पुढे फार दिवस अभिमान होता. सासूला आणि नवऱ्याला दवाखान्यात बोलावून घेतलं.

सासू आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. "बाई, तुमी शिकलेल्या. पन आमचे घरात करकर सुरू झाली आन् दोन महिन्यांत मानूस गेला. हे काय खोटं हाय?"

"आजी, माझा मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत रोज दात खात होता. आमच्या घरी कुणी गेलं नाही. उलट त्याची आजी नव्वदीपर्यंत जगली."

नवरा हसला. मवाळ मुलगा होता, भिवंडीकडच्या गोदामात कामाला, सकाळी अंधारात निघून संध्याकाळी परतणारा. म्हणाला, "आवाज बंद झाला ना मॅडम, तर आमची काय हरकत नाय."

"आवाज बंद होईल," मी म्हटलं.

पट्टी आली, मी ती बसवून दिली, आणि आवाज बंद झाला. वनिता सासरी नांदायला गेली. महिन्याने सासूने नव्या तांदळाची पिशवी पाठवली. तालुक्यातल्या डॉक्टरांच्या एका संमेलनात मी ही हकिकत रंगवून सांगितली. अंधश्रद्धेवर एका पट्टीने मात केली, असं काहीसं. टाळ्या पडल्या. संसार वाचवला म्हणून एका जुन्या डॉक्टरांनी उठून माझी पाठ थोपटली. वनिताला मी त्या सगळ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं की तुला परत जायचं आहे का.

चारेक महिन्यांनी ती एकटी आली. दाढेला उभी चीर गेली होती. मी पट्टी मागून घेतली, दिव्यासमोर धरली. पट्टीवर फारशा खुणा नव्हत्या. रात्रीचं खाणं जवळपास थांबलं होतं, तरी दाढ फुटली होती.

इथे एक समजावून सांगायला हवं. दात खाण्याच्या दोन जाती आहेत. रात्रीचं खाणं वाजतं, त्यामुळे घरभर कळतं. दिवसाचं मुकं असतं. जागेपणी माणूस दात घासत नाही, आवळून धरतो. खालचा जबडा वरच्याला असा दाबतो की पापणीही हलत नाही आणि दाढ मात्र आतून तडकते. कळ काढताना, राग गिळताना, भीती वाटताना हे होतं. ज्याचं होतं त्यालाच पत्ता नसतो. म्हणून आधी त्याला ते पकडायला शिकवावं लागतं. खरं तर जेवताना आणि गिळताना सोडलं तर दातांनी एकमेकांना शिवायचंच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. हा मंत्र मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला होता.

मी वनिताला तो म्हणायला लावला. मग दोन्ही हातांनी तिच्या गालांचे स्नायू चोळत म्हटलं, "आता जबडा सोड. पूर्ण सैल सोड, लटकू दे." तिने सोडला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज न करता, नुसतं पाणी.

"दुखतंय का?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. मी कापूस दिला. "होतं असं. स्नायू आखडलेला असतो, सैल केला की कळ येते. थांबेल." बाहेर सात-आठ माणसं बसली होती.

मग तिला मी टिकल्यांची युक्ती सांगितली. घरात आपण जिथे जिथे वावरतो तिथे एकेक लाल टिकली चिकटवायची. टिकली दिसली की त्या क्षणी दात आवळलेले आहेत का बघायचं, असले तर सोडायचे. आणि कुठे, किती वेळा आवळलेले सापडले ते कागदावर टिपायचं. पंधरा दिवसांत माणसाला आपली चोरी सापडते. शेकडो जणांना मी हे सांगितलं असेल. मनापासून करणारे फार थोडे.

वनिताने केलं. पंधरा दिवसांनी ती वहीचं पान घेऊन आली. शाळेत फूटपट्टीने आखतात तसे रकाने आखलेले, अक्षर वळणदार. आरसा, हंडा, ओटा, गोठ्याची मेढ, मागच्या दाराची कडी. आरशाशी दोनदा. हंड्याशी एकदा. ओट्याशी चार-पाच वेळा. गोठ्यात एकदाही नाही. कडीच्या रकान्यापुढे तिने आकडा लिहिलाच नव्हता. लिहिलं होतं, 'दर वेळी'.

"हे काय? कडीशी एवढं काय असतं?" मी विचारलं. हातमोजे अर्धे चढवलेले होते.

तिने दाराकडे एकदा बघितलं. "काय नाय. दुपारची लावून घेते मी."

"मग ती टिकली तिथून काढ," मी म्हटलं, "आणि दुसरीकडे लाव. सारखं सारखं मोजत बसलीस तर ताण आणखी वाढेल."

"बरं," ती म्हणाली.

ते पान मी केसपेपरला टाचून ठेवलं. पेशंटने इतकं नीट काम केलं याचा मला आनंद झाला होता. दाढेवर टोपी बसवली, सुपारी खाऊ नकोस, संध्याकाळचा चहा कमी कर, कोमट फडक्याने शेक, सगळं सांगितलं. ती जिना उतरून गेली.

पुढे उन्हाळ्यात काशिनाथदादा आले, एकटेच. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. मग आत आले आणि खुर्चीवर न बसता खाली भिंतीला टेकून बसले. मी उठवत होते, उठेनात.

वनिता सणाला माहेरी आली होती ती परत जायला तयार नव्हती. आठ दिवस नुसती 'नाय जायची' एवढंच. मग आईला बोलली. घरात धाकटा दीर होता. नवरा कामावर, सासू दुपारची शेतावर किंवा बाजारात. हा मागच्या दाराने यायचा. सुरुवातीपासून. ती कडी लावून आत बसायची.

"आन् एक दिवस," काशिनाथदादा म्हणाले, "कडीच काढलेली व्हती, बाई. इस्क्रू काढून."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

मी उठले, कपाटातून केसपेपर काढला, ते पान बाहेर घेतलं. म्हटलं, "दादा, पोलिसात चला. आत्ता चला. मी येते. हे तिच्या हाताने लिहिलेलं आहे, मी साक्ष देते."

ते पानाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत होतं. मग म्हणाले, "तुमी याल, बाई. एक दिवस याल. आमाला गावात रोज ऱ्हायचं हाये."

वनिताच्या पाठीवर बहीण होती, तिचं लग्न ठरत होतं. सासरचे म्हणत होते, बोभाटा केलात तर हीच तसली होती असं आम्ही चार गावांत सांगू. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं होतं की दोघांनी राजीखुशीने वेगळं व्हायचं. पण त्याला सांगण्यासारखं कारण हवं होतं. लोकांना आणि कागदावरही.

"कारन तर हायेच," दादा म्हणाले. "दात. तुमी लिहून द्या. आजार हाय, बरा व्हनारा नाय. दुसरं काय बी या खोलीभायेर जाता कामा नये, बाई. शब्द द्या."

मी नाही म्हटलं. चिडले. वनिताला घेऊन या म्हटलं, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी अक्षर लिहिणार नाही.

दोन दिवसांनी ती आली. आई बाहेर बसली. वनिताच्या गालांकडे बघवत नव्हतं, स्नायू दोन्हीकडे टणक होऊन चेहरा चौकोनी दिसायला लागला होता. मी दार लावून घेतलं, तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायचं होतं ते विचारलं. "वनिता, तुला काय हवंय?"



"मी सांगितलेलं, बाई, तुमाला," ती म्हणाली. "लिहूनशी दिलेलं."

माझी नजर केसपेपरला टाचलेल्या त्या पानाकडे गेली.

"मला वाटलं तुमाला कळलं. तुमी म्हनला टिकली काढ. मंग मला वाटलं, कळून बी तसंच म्हनतात तुमी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मला नाही कळलं गं. खरंच नाही कळलं."

"आता लिहा," ती म्हणाली. "बाबा सांगतात तसं लिहा. मला परत नाय जायचं, बस. दातांची म्हनून सोडली तर म्हनू दे."

मी पत्र लिहिलं, दादांनी मागितलेला शब्दही दिला. सदर रुग्णास दात खाण्याचा विकार असून तो पूर्ण बरा होण्याची खात्री देता येत नाही. खाली सही, शिक्का. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. कुठलाही दंतवैद्य हेच लिहील. ज्या बाईने सासूला भर दवाखान्यात ठासून सांगितलं होतं की हा अपशकुन नाही, तिनेच तिला अपशकुनाचा कागद करून दिला. सासूने तो गावभर दाखवला असं नंतर कानावर आलं. म्हणे, शहापूरच्या डॉक्टरीणबाईच लिहून देतात, मग?

वनिता माहेरी राहिली. वर्षातून एकदा पट्टी तपासायला यायची, नंतर पट्टी चावून फुटली की नवी करायला यायची. रात्रीचं खाणं पुन्हा सुरू झालं होतं, पूर्वीपेक्षा जास्त. बहिणीच्या लग्नात तिला दोन दिवस मावशीकडे ठेवलं. पाहुण्यांनी रात्री आवाज ऐकू नये म्हणून. मुरबाड रस्त्यावरच्या एका खानावळीत ती भाकऱ्या भाजायला जाते, एवढं मला कळलं होतं. मी पोलिसांचं, वकिलाचं पुन्हा दोनदा बोलून बघितलं. ती पट्टीचा डबा पदरात गुंडाळत म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, बाई." शेवटच्या खेपेला तिच्या पुढच्या दातांची निम्मी उंची गेली होती. तिशीही नव्हती, आणि तोंड मिटलं की हनुवटी वर सरकून म्हातारीसारखी दिसायची. पट्टीने तेवढे तरी वाचले असं मी तिला सांगितलं. नंतर ती आली नाही. निरोप पाठवला, तरी आली नाही.

इथे थांबले असते तर ही एका पेशंटची गोष्ट झाली असती. पण आणखी एक सांगायचं आहे.

दवाखाना बंद करायच्या काही महिने आधी एक तरुण आला. दात स्वच्छ करून हवे होते, लग्न ठरलं होतं आणि फोटोत पिवळे दिसतात म्हणाला. केसपेपरवर आडनाव लिहिताना माझा हात थांबला. मग गाव. तोपर्यंत तो खुर्चीत बसून टेकलाही होता.

"माझ्या वहिनीला पट्टी तुमीच दिलेली ना, मॅडम?" तो म्हणाला. "लय त्रास होता हो तिला. बिचारी."

मी आरसा त्याच्या तोंडात घातला. इतके चांगले दात मी या भागात क्वचित बघितले. दाढांचे उंचवटे नुकत्याच उगवलेल्या दाढेसारखे शाबूत, सुळे टोकदार, गालाला वळी नाही, जिभेला ठसा नाही. हा माणूस शांत झोपत होता. कधीच काही आवळून धरायची वेळ याच्यावर आली नव्हती.

हातात धारदार हत्यार होतं आणि त्याचं तोंड उघडं होतं. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. मी त्याचे दात साफ केले. व्यवस्थित, कोपरान् कोपरा, अर्धा तास. चूळ भर म्हटलं. दोन दिवस तंबाखू नको म्हटलं. त्याने आरशात बघून हसून घेतलं आणि जाताना वाकून माझ्या पाया पडला. "पत्रिका आणून देतो, मॅडम. यायचं हां."

पत्रिका खरंच आणून दिली त्याने. त्यात मुलीचं नाव होतं, तिच्या वडिलांचं नाव, गाव, आणि खाली संपर्कासाठी फोन नंबर. लग्नाला नऊ दिवस होते.

मी फोन उचलून ठेवला. म्हटलं, काशिनाथदादांना शब्द दिलाय. म्हटलं, वनिताचं नाव निघेल, ती आता कुठे जरा सावरली असेल. म्हटलं, बहिणीचा संसार आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे? वहीचं एक पान आणि माझ्याच सहीचं पत्र, ज्यात दोष तिच्या दातांचा आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. नऊ दिवस रोज मी ती एकेक करून तपासली, आणि रोज ती खरीच निघाली.

दहाव्या दिवशी सकाळी नेहमीसारखा दवाखाना उघडला आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हा तिकडे त्या मुलीला आंघोळ घालून बोहल्यावर उभी केली असेल.